पाच मिनिटांखालचा अंधार

फ्रीटाउनच्या किस्सी भागात, चढावरच्या चौसष्ट घरांत
मी पांढऱ्या डब्या खोचून आले.
साबणाच्या वडीएवढी डबी.
वीज गेली की वेळ टिपते,
आली की पुन्हा टिपते.
मधल्या काळाबद्दल तिला काही विचारू नये.

याबोम कालोकोनं आधी दर विचारला:
"ही खाते किती?"
म्हटलं, मुंगीएवढं.
"मग ठेव. पण माझ्या फ्रीजरच्या वाटेला जायचं नाही."
फ्रीजरमध्ये बोंगा मासळी,
झाकणावर घडी घातलेली गोधडी,
तापानं फणफणलेल्याच्या उलट, गारवा निघून जाऊ नये म्हणून.
अंधारात ती झाकण चार बोटं उचलते
आणि बर्फावर नख ओढते.
करकरलं तर अजून दोन तास.
गुळगुळीत सरकलं तर आत्ताच भाव पाडायचा.
माझ्या तक्त्यात नखाला रकाना नव्हता.

नियम असा आहे:
पाच मिनिटांच्या आत परत आली
तर ती गेलीच नव्हती.

मंगळवारी अलिमामीच्या दुकानात
मशीन अर्ध्या डोक्यावर थांबलं.
गिऱ्हाइकाला दहा वाजता बंदरावर मुलाखत होती.
चार मिनिटं पन्नास सेकंद
आरशात एका मानेवर दोन माणसं बसून राहिली.
मग आली. कानापर्यंत पोचली. गेली.
पुन्हा चार मिनिटं.
असं सहा वेळा.
शेवटी तो टोपी घालून गेला.
महिन्याच्या बेरजेत मंगळवार: शून्य.
मी शून्य लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे.

आणि आलेली तरी धड कुठे येते?
एकशे चाळीस व्होल्ट.
दिवा पिकल्या पपईसारखा,
पंख्याची पाती मोजून घ्यावीत इतका सावकाश पंखा,
फ्रीजर घुमतो, थरथरतो, गार करत नाही.
डबी सांगते: आहे.
याबोम सांगते,
"दारात उभा नवरा आणि घरात असलेला नवरा
यात फरक असतो, पोरी."

ऑफिसात सगळ्यांचे तास एकत्र करून
चौसष्टांनी भागतात.
उत्तर येतं तेवढाच अंधार असलेलं
एखादं घर असेल, म्हणून मी यादी चाळली.
नाही सापडलं.
सदतिसाव्या घरात रात्रभर, अडतिसाव्यात मुळीच नाही,
मध्ये एक वायर, तीही सदतिसाव्यानं
अडतिसाव्याकडून उसनी घेतलेली.

एकेचाळिसावं घर: सलग अकरा तास बंद.
साहेबांनी लाल वर्तुळ काढलं, जाऊन बघ म्हणाले.
चढ चढून गेले, धाप लागलेली.
सेंटो दारातच बसली होती, शाळेच्या गणवेशात,
पुढ्यात एकात एक अडकवलेले बोर्ड, फोनांची रांग.
डबी खिडकीत, उलटी, तिच्यावर पेन्सिल.
"प्लग एकच आहे," ती म्हणाली.
त्या रात्री वीज इतकी नीट होती
की पंचवीस फोन भरून झाले,
वह्या आल्या, थोडं रॉकेलचं उधार फिटलं.
आमच्या नोंदीतला सगळ्यांत लांब अंधार
तिची सगळ्यांत चांगली कमाई.
वर्तुळ मी खोडलं नाही.
बाजूला बारीक लिहिलं: पेन्सिल.
अहवाल टाइप करणाऱ्यानं ते गाळलं असणार.

काल शेवटच्या डब्या गोळा करायला गेले
तेव्हा किस्सीत वीज नव्हती.
याबोमच्या पायरीवर बसले. मासळीबद्दल कुणी बोललं नाही.
सातच्या सुमाराला खालच्या गल्लीतून
"लाइट डॉन कम!"
मग मशिदीजवळून, मग नळापाशी,
पोरांच्या गळ्यातून गळ्यात चढत
ओरड आमच्यापर्यंत आली,
आमच्या डोक्यावरचा दिवा अजून काळाच.
माझ्या पिशवीतल्या डब्या गप्प.
याबोम उठली, गोधडी सरकवली,
झाकणाखाली हात घातला.

मी कान दिला.